गिटला स्वतःच्या कमांड आणि हुक जोडताना

गिट म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास सांभाळणारं सॉफ्टवेअर. त्यात आपली कमांड बसवायला गिटच्या सोर्स कोडला हात लावावा लागत नाही आणि कुठे नोंदणीही करावी लागत नाही. ‘गिट-’ने सुरू होणाऱ्या नावाची एक एक्झिक्युटेबल फाइल पाथमधल्या (शेल जिथे कमांड शोधतं त्या यादीतल्या) कुठल्याही फोल्डरमध्ये ठेवली की ती गिटची सबकमांड होते. २००५ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी गिट सुरू केलं तेव्हा त्याच्या बऱ्याच कमांड म्हणजे अशाच सुट्या शेल स्क्रिप्ट होत्या. पुढे त्यातल्या बहुतेक सी भाषेत लिहिल्या गेल्या, पण मर्जटूल आणि फिल्टर-ब्रँच आजही शेल स्क्रिप्टच आहेत. ज्या वाटेने गिट वाढलं तीच वाट आपल्यालाही मोकळी आहे.

अशा स्क्रिप्टचं मुख्य काम बहुधा चारपाच ओळींचं असतं आणि ते सहसा चुकत नाही. चुकतं ते भोवतालचं: स्क्रिप्ट कुठल्या फोल्डरमधून चालली, कुठली व्हेरिएबल आधीच भरलेली होती, फाइलचं नाव कोणत्या रूपात हाती आलं, समोर टर्मिनल होतं की नव्हतं. म्हणून इथे भर त्या भोवतालावर आहे.

कमांड इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या नेहमीच्या इंग्रजी स्पेलिंगने, लहान लिपीत आणि इंग्रजी अंकांनी टाइप करायच्या. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आणि हेडसारखी खास नावं तेवढी मोठ्या लिपीत. इथले नमुने लिनक्स आणि मॅकवरच्या शेलसाठी आहेत. विंडोजवर गिट फॉर विंडोजबरोबर येणाऱ्या बॅशमध्येही ते चालतात.

आधी ठरवा: एलियस, कमांड की हुक

एका ओळीचं काम असेल तर कॉन्फिगमध्ये एलियस (कमांडला दिलेलं टोपणनाव) पुरतो. एलियसची व्याख्या उद्गारचिन्हाने सुरू केली तर ती शेलमध्ये चालते. असा शेल एलियस नेहमी रेपॉझिटरीच्या (गिट सांभाळत असलेल्या प्रकल्पाच्या) मुळाशी जाऊन चालतो, तुम्ही आतल्या कुठल्या फोल्डरमध्ये उभे आहात याची पर्वा न करता. मूळ जागा हवी असेल तर ती ‘गिट_प्रिफिक्स’ या व्हेरिएबलमध्ये मिळते. शिवाय तुम्ही दिलेले आर्ग्युमेंट व्याख्येच्या शेवटी चिकटवले जातात. ते मधे कुठेतरी हवे असतील तर शेल फंक्शन लिहून त्याच ओळीत ते बोलवावं लागतं. इतकं करायची वेळ आली की एलियस सोडून फाइल लिहायला घ्यावी. कॉन्फिगमधल्या अवतरणचिन्हांत अडकलेला शेल कोड पुढे कुणालाच वाचता येत नाही.

तुम्ही मुद्दाम बोलवाल ते काम कमांडचं. कमिट (बदल इतिहासात नोंदवणं), पुश (ते सर्व्हरवर पाठवणं), मर्ज (ब्रँच, म्हणजे कामाच्या शाखा, एकत्र करणं) अशा घटनेच्या वेळी आपोआप व्हायला हवं ते हुकचं.

नवी कमांड: गिट सफाई

मर्ज झालेल्या जुन्या ब्रँच दाखवणारी आणि सांगितल्यावर पुसणारी कमांड हे चांगलं उदाहरण, कारण सराईत माणसंही ती चुकीची लिहितात.

होम फोल्डरमधल्या ‘बिन’मध्ये ‘गिट-सफाई’ नावाची फाइल करा. शेवटी ‘.एसएच’ लावू नका, नाहीतर कमांडचं नावही ‘गिट सफाई.एसएच’ होईल. पहिली ओळ ‘#!/बिन/एसएच’. मग ‘सीएचमॉड +एक्स’ आणि तो फोल्डर पाथमध्ये आहे याची खात्री. एवढ्यावर ‘गिट सफाई’ चालू लागते. ‘गिट सफाई -एच’ तुमच्या स्क्रिप्टपर्यंत पोचतं. ‘गिट सफाई --हेल्प’ मात्र गिट स्वतः पकडतं आणि मॅन पेज शोधायला जातं, म्हणून मदतीचा मजकूर ‘-एच’वर द्या.

पुढच्या ओळींत गिटची तयार लायब्ररी ओढून घ्या:

    यूसेज='[--पुसा]'
    सबडायरेक्टरी_ओके=येस
    . "$(गिट --एक्झेक-पाथ)/गिट-एसएच-सेटअप"

हा क्रम महत्त्वाचा. वरची दोन व्हेरिएबल (दोन्ही मोठ्या लिपीत) लायब्ररी ओढण्याआधी भरायची असतात. दुसरं विसरलात तर आतल्या फोल्डरमधून कमांड चालवल्यावर ‘मुळाशी जाऊन चालवा’ असं म्हणून ती थांबते. बदल्यात मिळतं ते बरंच: ‘डाय’ हे संदेश छापून बाहेर पडणारं फंक्शन, ‘रिक्वायर_क्लीन_वर्क_ट्री’ हे अर्धवट बदल पडलेले नाहीत ना हे पाहणारं, ‘सीडी_टू_टॉपलेव्हल’ हे मुळाशी नेणारं, आणि ‘-एच’ची व्यवस्था.

आता ब्रँचची यादी. इथे हात आपोआप ‘गिट ब्रँच’कडे जातो आणि तिथेच घोटाळा होतो. ‘गिट ब्रँच’ माणसांसाठी छापतं: चालू ब्रँचपुढे तारा, दुसऱ्या वर्कट्रीमध्ये (त्याच रेपॉझिटरीला जोडलेल्या दुसऱ्या फोल्डरमध्ये) उघडलेल्या ब्रँचपुढे अधिक चिन्ह, हेड (आपण सध्या कुठे आहोत ती खूण) सुटं, म्हणजे कुठल्याच ब्रँचवर नसेल तर कंसातलं एक वाक्य, आणि कुणी रंग कायमचे चालू ठेवले असतील तर मधे रंगांचे कोड. त्या यादीवर साधं ‘फॉर’ लूप लावलं तर तो तारा शेलच्या हाती पडतो, शेल त्याचा विस्तार करून चालू फोल्डरमधल्या सगळ्या फाइलींची नावं घालतं आणि लूप त्या फाइलींना ब्रँच समजून फिरतं. ती नावं पुढे पुसण्याच्या कमांडला जातात.

गिटच्या कमांडचे दोन थर आहेत. ब्रँच, स्टेटस, लॉग हा वरचा थर माणसांसाठी आणि त्याचं छापील रूप आवृत्तीनुसार बदलू शकतं. फॉर-ईच-रेफ, रेव्ह-पार्स, रेव्ह-लिस्ट, डिफ-इंडेक्स, कॅट-फाइल, अपडेट-रेफ हा खालचा थर स्क्रिप्टसाठी, आणि त्याचं रूप स्थिर ठेवलं जातं. स्क्रिप्टने खालच्या थराशीच बोलावं. ‘गिट स्टेटस’ लागलंच तर ‘--पोर्सेलिन’ हा ऑप्शन लावून. नावावरून उलट वाटतं, कारण पोर्सेलिन हे वरच्या थराचंच नाव. पण हा ऑप्शन स्क्रिप्टला हवं ते स्थिर रूप देतो.

    गिट फॉर-ईच-रेफ --फॉरमॅट='%(रेफनेम:एलस्ट्रिप=२)' --मर्ज्ड="$मुख्य" रेफ्स/हेड्स/

‘रेफनेम:शॉर्ट’ऐवजी ‘एलस्ट्रिप=२’ घेण्याचं कारण असं की ब्रँचच्याच नावाचा टॅग असेल तर ‘शॉर्ट’ संदिग्धता टाळायला नावाआधी ‘हेड्स/’ जोडून देतं. ‘एलस्ट्रिप’ सुरुवातीचे दोन भाग सरळ कापतं. ब्रँचच्या नावात स्पेस चालत नाही, त्यामुळे हे आउटपुट ‘व्हाइल रीड -आर’मध्ये निर्धास्त वाचता येतं.

‘मुख्य’ ब्रँच कोणती हे गृहीत धरू नका. कुठे मेन असते, कुठे मास्टर, कुठे डेव्हलप. ‘गिट सिम्बॉलिक-रेफ --शॉर्ट रेफ्स/रिमोट्स/ओरिजिन/हेड’ विचारा, म्हणजे ‘ओरिजिन/मेन’सारखं उत्तर मिळेल. उत्तर आलं नाही तर ‘डाय’ करून वापरणाऱ्याला ‘गिट रिमोट सेट-हेड ओरिजिन --ऑटो’ एकदा चालवायला सांगा. स्क्रिप्टने अंदाजाने पुढे जाऊ नये. चालू ब्रँच ‘गिट सिम्बॉलिक-रेफ --क्वाएट --शॉर्ट हेड’ने मिळते, आणि हेड सुटं असेल तर हीच कमांड १ देऊन गप्प परतते. ती वगळा, मुख्य ब्रँचची स्थानिक प्रत वगळा, आणि फॉरमॅटमध्ये ‘%(वर्कट्रीपाथ)’ मागून ज्यांचा रकाना भरलेला आहे त्याही वगळा.

पुसायला ‘गिट ब्रँच -डी’, लहान डी. तो ब्रँचच्या अपस्ट्रीमशी (सर्व्हरवरच्या तिच्या जोडीदार ब्रँचशी) आणि अपस्ट्रीम नसेल तर चालू हेडशी ताडून पाहतो. त्यामुळे जुन्याच एखाद्या ब्रँचवर उभं राहून सफाई केली तर मुख्य ब्रँचमध्ये मर्ज झालेलीही ‘मर्ज झाली नाही’ म्हणून नाकारली जाते. हे नाकारणं आपल्या फायद्याचं आहे. मोठा डी वापरून त्यावर मात करू नका. आणि ‘--पुसा’ दिल्याशिवाय फक्त यादी छापायची, कारण पुसणाऱ्या कमांडचं डिफॉल्ट वागणं निरुपद्रवी असायला हवं.

एक मर्यादा वापरणाऱ्यांना आधीच सांगा. स्क्वॉश करून (सगळ्या कमिट एकात दाबून) मर्ज केलेली ब्रँच या यादीत येत नाही. स्क्वॉशमध्ये नवीच कमिट तयार होते, जुन्या कमिट मुख्य इतिहासात नसतात, म्हणून गिटच्या लेखी ती मर्ज झालेलीच नाही. तुमची टीम स्क्वॉशच करत असेल तर ‘गिट फेच --प्रून’ करून फॉरमॅटमध्ये ‘%(अपस्ट्रीम:ट्रॅक)’ मागा. सर्व्हरवरून गेलेल्या ब्रँचपुढे ‘[गॉन]’ दिसतं. पण तो नुसता अंदाज आहे, त्यावरून आपोआप पुसू नका.

प्री-कमिट: इंडेक्स तपासा, फोल्डर नाही

हुक म्हणजे रेपॉझिटरीच्या ‘.गिट/हुक्स’ फोल्डरमधली ठरलेल्या नावाची एक्झिक्युटेबल फाइल. प्री-कमिट हा कमिटच्या आधी चालणारा हुक. नवी रेपॉझिटरी केली की तिथे ‘.सॅम्पल’ शेपटीचे नमुने येतात आणि शेपूट काढली की ते जागे होतात. वाचायला ते उत्तम आहेत. एक्झिट कोड ० म्हणजे पुढे जा, दुसरं काहीही म्हणजे थांब.

या ‘दुसरं काहीही’मध्ये बरेच अडकतात. कोडमध्ये विसरलेलं डीबग वाक्य शोधायला हुकच्या शेवटच्या ओळीत ‘ग्रेप’ ठेवलं, काहीच सापडलं नाही, ग्रेपने १ परत दिला आणि स्वच्छ कमिट अडली. शेवटी ‘एक्झिट ०’ स्पष्ट लिहा आणि ग्रेप ‘इफ’च्या आत ठेवा. ‘सेट -ई’ लावणार असाल तर हेही लक्षात ठेवा की ‘गिट डिफ --क्वाएट’ फरक असला की १ देतं आणि ‘गिट कॉन्फिग --गेट’ किल्ली नसली की १ देतं. दोन्ही वेळा काहीही बिघडलेलं नसतं, तरी स्क्रिप्ट मधेच संपते.

आता मुख्य गोष्ट. कमिटमध्ये इंडेक्स (‘गिट ॲड’ने पुढच्या कमिटसाठी मांडलेला, म्हणजे स्टेज केलेला मजकूर) जातो, फोल्डरमधली फाइल जात नाही. फाइलचा अर्धा भाग ‘गिट ॲड -पी’ने स्टेज केला आणि हुकने डिस्कवरची फाइल लिंटरला (कोडमधल्या चुका शोधणाऱ्या साधनाला) दिली, तर लिंटरने तपासलेला मजकूर आणि कमिट झालेला मजकूर वेगळे असतात. चूक दुरुस्त करून ती स्टेज करायला विसरलात तरी हुक पास म्हणतं आणि चूक कमिटमध्ये जाते. उपाय असा:

    टेम्प=$(एमकेटेम्प -डी)
    ट्रॅप 'आरएम -आरएफ "$टेम्प"' एक्झिट
    गिट डिफ --कॅश्ड --नेम-ओन्ली -झेड --डिफ-फिल्टर=एसीएमआर |
      गिट चेकआउट-इंडेक्स -झेड --स्टडइन --प्रिफिक्स="$टेम्प/"

‘चेकआउट-इंडेक्स’ इंडेक्समधली आवृत्ती तात्पुरत्या फोल्डरमध्ये उतरवतं. ‘प्रिफिक्स’च्या शेवटची तिरकी रेघ विसरू नका. ती नसेल तर गिट फोल्डरचं नाव आणि फाइलचं नाव सरळ जोडतं आणि फाइली भलत्याच नावांनी शेजारी सांडतात. डिफ-फिल्टरमधली चार अक्षरं (मोठ्या लिपीत) म्हणजे नव्या, कॉपी, बदललेल्या आणि नाव बदललेल्या फाइली. पुसलेल्या वगळल्या, कारण त्या इंडेक्समध्ये नाहीतच. मग लिंटर त्या फोल्डरवर चालवा आणि त्याची कॉन्फिग फाइल कोणती हे स्पष्ट सांगा. तात्पुरत्या फोल्डरमधून वर वर शोधत गेलं तर त्याला ती सापडणार नाही. एका-दोन फाइलींपुरतं काम असेल तर ‘गिट शो :फाइल’ पुरतं. रिकामी जागा आणि राहून गेलेली कॉन्फ्लिक्टची चिन्हं पाहायला ‘गिट डिफ --कॅश्ड --चेक’ तयारच आहे.

हुकमध्ये ‘स्टॅश --कीप-इंडेक्स’ करून बदल बाजूला ठेवण्याची युक्ती बऱ्याच ठिकाणी सापडते. ती टाळा. मधे कंट्रोल-सी दाबलं किंवा परत आणताना कॉन्फ्लिक्ट आला तर माणसाचं काम स्टॅशमध्ये अडकतं आणि ते तिथे आहे हे त्याला माहीतही नसतं. तसंच हुकने फाइल फॉरमॅट करून स्वतःच ‘गिट ॲड’ करू नये. अर्धवट स्टेज केलेल्या फाइलचा उरलेला अर्धाही त्यात ओढला जातो. चूक दाखवावी, दुरुस्तीची कमांड छापावी आणि थांबावं.

डिफ-इंडेक्स वापरणार असाल तर पहिल्या कमिटची काळजी घ्या. तेव्हा हेड कुठेच बोट दाखवत नाही आणि ‘डिफ-इंडेक्स --कॅश्ड हेड’ कोसळतं. ‘गिट रेव्ह-पार्स --व्हेरिफाय हेड’ फसलं तर हेडऐवजी रिकाम्या ट्रीशी (एकही फाइल नसलेल्या फोल्डरच्या नोंदीशी) तुलना करा. तिचा हॅश (गिटने दिलेला ओळख क्रमांक) ‘गिट हॅश-ऑब्जेक्ट -टी ट्री /डेव्ह/नल’ने मिळतो.

आणि वेळ. प्री-कमिटला एक-दोन सेकंदांपेक्षा जास्त लागलं की लोक ‘गिट कमिट -एन’ टाइप करायला शिकतात. हा ‘-एन’ म्हणजे ‘--नो-व्हेरिफाय’. त्याने प्री-कमिट आणि कमिट-एमएसजी दोन्ही टळतात. ‘गिट पुश -एन’ मात्र ड्राय-रन आहे. तिथे हुक टाळायचा असेल तर पूर्ण ‘--नो-व्हेरिफाय’ लिहावं लागतं. आपोआप होणाऱ्या मर्ज कमिटला प्री-कमिट चालतच नाही. त्यासाठी गिट २.२४पासून ‘प्री-मर्ज-कमिट’ हा वेगळा हुक आहे.

देवनागरी नावांच्या फाइली

हा भाग मराठीत काम करणाऱ्यांनी नीट पाहावा, कारण इंग्रजी मार्गदर्शकं वाचून लिहिलेली स्क्रिप्ट इथे आवाज न करता मोडते.

‘-झेड’ न लावता नावांची यादी मागितली तर गिट आस्कीबाहेरचं (साध्या इंग्रजी अक्षरांपलीकडचं) प्रत्येक बाइट तीन आकडी ऑक्टलमध्ये छापतं आणि अख्खं नाव दुहेरी अवतरणात टाकतं. ‘अ’चं होतं \३४०\२४४\२०५. ‘अहवाल.पीवाय’ अशा फाइलची ओळ आता ‘पीवाय’ने संपत नाही, अवतरणचिन्हाने संपते. तुमच्या ‘केस’मधली ‘*.पीवाय’ ही जुळणी फसते आणि फाइल तपासलीच जात नाही. कुठे चूक छापली जात नाही, हुक पास होतो. ‘कोअर.कोटपाथ’ फॉल्स केलं तर पडद्यावर अक्षरं नीट दिसतात, आणि ते करावंच. पण स्क्रिप्टला त्यावर विसंबता येत नाही, कारण ती सेटिंग प्रत्येकाच्या मशीनवर वेगळी असणार. ‘-झेड’ लावलं की नावं जशीच्या तशी येतात, प्रत्येकामागे एक शून्य बाइट.

शून्य बाइटवर तोडून वाचायला ‘एक्सआर्ग्स -०’ किंवा बॅशचं ‘रीड -आर -डी ''’ लागतं. डेबियन आणि उबुंटूवर ‘/बिन/एसएच’ म्हणजे डॅश, तिथे ‘रीड -डी’ चालत नाही. म्हणून अशा हुकची पहिली ओळ ‘#!/यूएसआर/बिन/एन्व्ह बॅश’ ठेवा. मॅकबरोबर येणारं बॅश ३.२ इतकं जुनं आहे, त्यात ‘मॅपफाइल’ नाही. साधं ‘व्हाइल’ लूप सगळीकडे चालतं.

दुसरी अडचण ‘ऱ’ची. युनिकोडमध्ये तो एकच कोड म्हणूनही लिहिता येतो आणि ‘र’ अधिक नुक्ता असाही. ‘कऱ्हाड’ नावाच्या फाइलची अशी दोन रूपं डोळ्यांना सारखी आणि गिटला वेगळी असतात. नावांची तुलना करणारी स्क्रिप्ट असेल तर आधी दोन्ही बाजू एनएफसी या युनिकोडच्या ठरलेल्या एका रूपात आणा. पायथनमध्ये ‘युनिकोडडेटा.नॉर्मलाइझ’ हे करतं. शेलमध्ये याला धड उपाय नाही.

कमिट-एमएसजी आणि लांबी मोजणं

कमिटचा संदेश तपासणाऱ्या या हुकला एकच आर्ग्युमेंट मिळतं: संदेश ठेवलेल्या फाइलचा पत्ता. फाइलमध्ये टिप्पणीच्या ओळी असतात, आणि ‘गिट कमिट -व्ही’ केलं असेल तर कात्रीच्या ओळीखाली अख्खा डिफही असतो. आधी कात्रीच्या ओळीपासून पुढचं ‘सेड’ने कापा, मग उरलेलं ‘गिट स्ट्रिपस्पेस --स्ट्रिप-कॉमेंट्स’मधून काढा. टिप्पणीचं चिन्ह कुणी बदललं असेल तर तेही ते सांभाळतं, स्वतः लिहिलेलं ‘ग्रेप’ सांभाळत नाही.

पहिली ओळ ५० अक्षरांची असा नियम लावला असेल तर अक्षर म्हणजे काय ते ठरवा. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचा प्रत्येक कोड ३ बाइटचा. ‘डब्ल्यूसी -एम’ यूटीएफ-८ लोकेलमध्ये (भाषा-लिपीच्या सेटिंगमध्ये) कोड मोजतं, पण एखाद्या चित्रमय क्लायंटमधून कमिट केली आणि लोकेल रिकामं असलं तर तेच बाइट मोजू लागतं आणि १७व्या कोडलाच ५०ची मर्यादा ओलांडते. टर्मिनलवर चालतं आणि क्लायंटमध्ये अडतं, हे कोडं बहुधा इथे सुटतं. कोड नीट मोजले तरी ‘क्ष’ तीन आणि ‘स्त्री’ सहा भरतात. मराठी संदेशांसाठी मर्यादा ७२ ठेवणं जास्त न्यायाचं. मोजणी पायथनकडे सोपवा आणि फाइल उघडताना यूटीएफ-८ स्पष्ट सांगा.

‘फिक्सअप!’, ‘स्क्वॉश!’, ‘अमेंड!’ने सुरू होणारे संदेश नियमातून सोडा, ते पुढे रीबेसमध्ये विरघळणारच आहेत. ‘गिट रेव्ह-पार्स -क्यू --व्हेरिफाय मर्ज_हेड’ यशस्वी झालं तर ती मर्ज कमिट आहे, तीही सोडा. आणि नाकारताना ही ओळ जरूर छापा: तुमचा संदेश ‘.गिट/कमिट_एडिटएमएसजी’मध्ये शाबूत आहे, ‘गिट कमिट -ई -एफ’ (एफ मोठा) देऊन तीच फाइल पुन्हा उघडा. दहा ओळींचा संदेश लिहिलेल्या माणसाला ही एक ओळ फार मोलाची असते.

तिकिटाचा क्रमांक ब्रँचच्या नावावरून घालायचा असेल तर ते काम ‘प्रिपेअर-कमिट-एमएसजी’चं. मजकुराच्या शेवटी ‘एको’ने ओळ चिकटवू नका, अमेंड केलं (शेवटची कमिट बदलली) की ती दुसऱ्यांदा येते. ‘गिट इंटरप्रेट-ट्रेलर्स --इन-प्लेस --इफ-एक्झिस्ट्स डूनथिंग --ट्रेलर’ योग्य जागी एकदाच घालतं.

प्री-पुश

पुशच्या आधी चालणाऱ्या या हुकला आर्ग्युमेंट दोन: रिमोटचं (सर्व्हरवरच्या प्रतीचं) नाव आणि पत्ता. खरी माहिती स्टँडर्ड इनपुटवर येते, प्रत्येक रेफसाठी (ब्रँच किंवा टॅगच्या नावासाठी) एक ओळ: स्थानिक रेफ, स्थानिक हॅश, रिमोट रेफ, रिमोट हॅश. सगळी शून्यं असलेल्या हॅशचा अर्थ ‘नाही’. स्थानिक हॅश शून्य म्हणजे ब्रँच पुसली जाते आहे, तिथे तपासायला काही नाही. रिमोट हॅश शून्य म्हणजे ब्रँच नवी आहे. मग ‘गिट रेव्ह-लिस्ट $स्थानिक --नॉट --रिमोट्स=$१’ने फक्त नव्या कमिट काढा, नाहीतर अख्खा इतिहास तपासत बसाल. ४० शून्यं स्क्रिप्टमध्ये ठोकून लिहू नका, एसएचए-२५६च्या रेपॉझिटरीत ती ६४ असतात. शून्याशिवाय दुसरं काही आहे का, एवढंच पाहा.

नेहमीच्या पुशला ‘रिमोट..स्थानिक’ ही रेंज. पण मधल्या काळात दुसऱ्या कुणी पुश केलं असेल तर तो रिमोट हॅश तुमच्याकडे नसतो आणि रेव्ह-लिस्ट कोसळतं. ‘गिट कॅट-फाइल -ई’ने तो आहे का ते आधी विचारा.

या लूपच्या आत स्टँडर्ड इनपुट वाचणारी कमांड (एसएसएच हे नेहमीचं उदाहरण) चालवली तर ती उरलेल्या ओळी गिळते आणि पहिलीच ब्रँच तपासली जाते. तिला ‘< /डेव्ह/नल’ द्या.

गिट_डीआयआरचा सापळा

हुक चालवताना गिट काही व्हेरिएबल भरून देतं. गिट_डीआयआर आणि गिट_इंडेक्स_फाइल ही त्यातली महत्त्वाची. हुकमधून दुसऱ्या रेपॉझिटरीत ‘सीडी’ करून गिट चालवलं तरी ते या व्हेरिएबलमुळे पहिल्याच रेपॉझिटरीवर चालतं, किंवा अडतं. सर्व्हरवर ‘पोस्ट-रिसीव्ह’मधून (पुश स्वीकारल्यावर चालणाऱ्या हुकमधून) साइटच्या फोल्डरमध्ये जाऊन ‘गिट पुल’ करणाऱ्यांना ‘.’ ही गिट रेपॉझिटरी नाही असा जो संदेश येतो तो यामुळेच. तिथे जाण्याआधी ही ओळ:

    अनसेट $(गिट रेव्ह-पार्स --लोकल-एन्व्ह-व्हार्स)

प्री-कमिटच्या आत आपल्याच रेपॉझिटरीवर काम करताना मात्र हे करू नका. ‘गिट कमिट -ए’ किंवा ‘गिट कमिट फाइल’ करताना गिट तात्पुरता इंडेक्स वापरतं आणि त्याचा पत्ता गिट_इंडेक्स_फाइलमध्येच असतो. तो पुसला तर तुम्ही जुना इंडेक्स तपासाल.

फोल्डरचा मालक आणि हुक चालवणारा वापरकर्ता वेगळे असतील तर एप्रिल २०२२मध्ये आलेल्या २.३५.२ आवृत्तीपासून गिट संशयास्पद मालकी म्हणून काम नाकारतं. शक्य असेल तर मालकी दुरुस्त करा. नसेल तर त्याच वापरकर्त्याच्या कॉन्फिगमध्ये ‘सेफ.डायरेक्टरी’त तो एकच पत्ता घाला, तारा घालू नका.

सक्ती हवी असेल तर सर्व्हरवर

स्थानिक हुक कुणीही टाळू शकतो, तो मदतीसाठी आहे. पासवर्ड कमिटमध्ये जाऊ नये, अमुक ब्रँचवर जबरदस्तीचा पुश होऊ नये, असे नियम ‘प्री-रिसीव्ह’ किंवा ‘अपडेट’मध्ये हवेत. प्री-रिसीव्ह एकदा चालतो आणि सगळं घेतो किंवा सगळं नाकारतो. अपडेट प्रत्येक रेफला वेगळा चालतो. प्री-रिसीव्ह चालतो तेव्हा रेफ बदललेले नसतात, म्हणून ‘गिट रेव्ह-लिस्ट $नवा --नॉट --ऑल’ बरोबर नव्या कमिट देतं. तीच ओळ पोस्ट-रिसीव्हमध्ये लिहिली तर यादी रिकामी येते. गिट २.११पासून पुश झालेले ऑब्जेक्ट आधी विलगीकरणात ठेवले जातात. त्या काळात हुकमधून रेफ बदलायला गिट देत नाही.

पोस्ट-रिसीव्ह काहीही अडवू शकत नाही, पण तो संपेपर्यंत पुश करणारा खोळंबतो. लांबचं काम मागे पाठवताना ‘&’ पुरत नाही, आउटपुट आणि एरर दोन्ही ‘/डेव्ह/नल’कडे वळवल्याशिवाय जोडणी सुटत नाही. गिटहब.कॉमवर स्वतःचे सर्व्हर हुक ठेवता येत नाहीत, तिथे ब्रँच प्रोटेक्शन आणि सीआय (पुशनंतर आपोआप तपासण्या चालवणारी यंत्रणा) वापरा. स्वतः चालवलेल्या गिटलॅबवर आणि गिटहब एंटरप्राइझ सर्व्हरवर ते ठेवता येतात.

टीमपर्यंत पोचवणं

क्लोन करताना हुक येत नाहीत, आणि ते योग्यच आहे. नाहीतर अनोळखी रेपॉझिटरी क्लोन करणं म्हणजे अनोळखी कोड चालवणं झालं असतं. रेपॉझिटरीत ‘हुक्स’ असा साधा फोल्डर ठेवा आणि प्रत्येकाला एकदा ‘गिट कॉन्फिग कोअर.हुक्सपाथ हुक्स’ चालवायला सांगा. हे गिट २.९पासून चालतं. ते लावलं की ‘.गिट/हुक्स’मधलं काहीही चालत नाही, हे आधीच सांगा. स्क्रिप्टमध्ये ‘.गिट/हुक्स’ असा पत्ता कधी ठोकून लिहू नका. जोडलेल्या वर्कट्रीमध्ये ‘.गिट’ ही फाइल असते, फोल्डर नसतो. ‘गिट रेव्ह-पार्स --गिट-पाथ हुक्स’ विचारा.

विंडोजवरून हुक कमिट केला तर दोन गोष्टी जातात. एक्झिक्युट करण्याची परवानगी: ती ‘गिट अपडेट-इंडेक्स --सीएचमॉड=+एक्स’ने द्या. आणि ओळीचा शेवट: सीआर-एलएफ झाला तर लिनक्स पहिल्या ओळीतल्या शेलच्या नावाला सीआर चिकटलेला पाहतं आणि असा इंटरप्रिटरच नाही म्हणतं. ‘.गिटॲट्रिब्यूट्स’मध्ये ‘हुक्स/* टेक्स्ट ईओएल=एलएफ’ लिहा.

चित्रमय क्लायंटमध्ये पाथ वेगळा असतो आणि समोर टर्मिनल नसतं. नोड किंवा पायथन सापडलं नाही तर नेमकं काय सापडलं नाही ते छापा. हुकमध्ये ‘हो की नाही’ असा प्रश्न विचारू नका. उत्तर द्यायला तिथे कुणी नसतं.

तपासणी

हुक सुटा चालवून पाहायला गिट २.३६पासून ‘गिट हुक रन प्री-कमिट’ आहे. काय चाललं आणि कशामुळे थांबलं ते ‘गिट_ट्रेस=१’ दाखवतं. खरी परीक्षा तात्पुरत्या रेपॉझिटरीत घ्या: ‘एमकेटेम्प -डी’, आत ‘गिट इनिट’, आणि तुमची वैयक्तिक कॉन्फिग मधे येऊ नये म्हणून ‘गिट_कॉन्फिग_ग्लोबल=/डेव्ह/नल’ आणि ‘गिट_कॉन्फिग_नोसिस्टिम=१’. त्यात लेखकाचं आणि कमिटरचं नाव आणि ईमेल व्हेरिएबलमधून द्यायला विसरू नका, नाहीतर पहिलीच कमिट अडेल आणि दोष हुकचा वाटेल. मग एकेक करून पाहा: इतिहासातली पहिली कमिट, नावात स्पेस असलेली फाइल, नावात देवनागरी असलेली फाइल, अर्धी स्टेज केलेली फाइल, फक्त पुसलेल्या फाइलींची कमिट, ‘कमिट -ए’, आतल्या फोल्डरमधून कमिट, जोडलेल्या वर्कट्रीमधून कमिट, आणि मर्ज. पुसलेल्या फाइलींच्या कमिटला फाइलींची यादी रिकामी येते, आणि लिनक्सवरचं ‘एक्सआर्ग्स’ रिकाम्या यादीवरही कमांड एकदा चालवतंच. लिंटरला फाइल दिली नाही की बरेच लिंटर अख्खा फोल्डर तपासायला घेतात. तिथे ‘एक्सआर्ग्स -०’बरोबर ‘-आर’ लावा.